बशीत रगत नसता

भावजी, तुमचं बारावं झालं. मंडप सोडला, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोने नेल्या, वास्कोची मंडळी गेली, आणि आज कुठे मला तुमच्याशी भांडायला सवड मिळाली. इतके दिवस नुसती माणसं. जो तो माझ्यासमोर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "मास्तर स्वभावान भारी शांत." मी मान हलवायची. शांत! ज्याने माझ्याशी ओव्यावरून अख्खी मे महिन्याची सुट्टी वाद घातला, तो शांत!

पण ते भांडण जरा राहू दे. आधी सुमनचं सांगते. तुमची बायको माझ्याशी बोलत नव्हती. जेवायला वाढायची, चहाचा कप हातात द्यायची, आणि तोंड फिरवायची. दहाव्याच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मागल्या दारी भांडी विसळत होतो. मधेच तिने हातातलं तपेलं खाली ठेवलं आणि मला विचारलं, "वयनी, तुमी दोघांनी येवढी तेलां काडलास. जंतू मरतत, जंतू मरतत म्हणान सगळ्या गावाक सांगलास. मगे त्यांच्या पायार एक थेंब कित्या नाय घातलास?"

तिने ठेवलेलं तपेलं मी उचलून विसळायला घेतलं. खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते एका वाक्याचं नव्हतं. ते सांगायचं तर फेणीच्या भाटीपासून सांगायला हवं, बशीपासून सांगायला हवं, आणि सुमन तर त्या उद्योगाच्या वाऱ्याला कधी उभी राहिली नाही. "तुमचो वास तुमकांच लखलाभ" म्हणायची आणि आत जायची. तिचं काय चुकलं म्हणा. घरात तेलाच्या बाटल्या ओळीने उभ्या आणि माणूस पायाच्या जखमेने गेला, हे बाहेरून बघणाऱ्याला कसं दिसत असेल!

म्हणून आज सगळं पहिल्यापासून आठवून बघतेय. तुमच्यासमोरच आठवते, म्हणजे चुकलं तर टोकाल. तशी सवयच तुमची.

ते वर्ष आठवतं? काजूचा हंगाम संपला होता, भाटी थंड पडली होती. तुम्ही डिचोलीच्या कॉलेजात रसायन शिकवायला लागून फार दिवस झाले नव्हते. आठवडाभर तिकडे राहायचात आणि शनिवारी दुपारच्या बसने घरी. त्या शनिवारी आलात ते चप्पल न काढताच मागल्या परसात गेलात आणि गवती चहाचा भाराच्या भारा कापायला लागलात. दादा तुमचे, म्हणजे आमचे हे, सोप्यावर बसून बघत होते. म्हणाले, "हुर्राक संपलो, फेणी संपली, आता चायची दारू काडतलो आमचो प्रोफेसर!"

तुम्ही हसला नाहीत. मला म्हणालात, "वयनी, भाटी तू सांभाळशीत मां?"

मी का नाही सांभाळणार? या घरात आले तेव्हापासून हंगामात दुसरं केलंय काय? तांब्याचं भाण चिंच आणि राख लावून घासलं, तरी काजूचा वास काही जाईना. त्यात गवत कोंबलं, पाणी ओतलं, तोंड वारुळाच्या मातीने लिंपलं. नळी जोडली. वाफ जिथे थंड होऊन थेंब थेंब पडते त्या लावणीवर मी गार पाणी ओतत बसले. तुम्ही म्हणालात, जेवण जड झालं, जरा आडवा होतो.

आणि तुम्ही आडवे झालात तिथेच घोळ झाला. आमच्या भाटीवर शिस्त काय? लावणीत वर जे काही तरंगेल, तवंग म्हणा, कचरा म्हणा, ते कुलेरीने, चमच्याने साय काढावी तसं, अलगद काढून फेकायचं. माल स्वच्छ दिसायला हवा. माझा हात त्या वळणाचा. लावणी उघडली तर पाण्यावर पिवळसर तवंग. मी म्हटलं, भाण नीट घासलं गेलं नाही, हा मळ सुटलाय. कुलेर घेतली, सगळा मळ नीट गोळा केला आणि केळीच्या बुडाशी नेऊन टाकला. खाली राहिलं छान नितळ पाणी. लिंबासारखा वास. माझी मीच खूश.

तुम्ही डोळे चोळत आलात. "काय गे, तेल जमला?"

"जमला तर. ह्या बघा, मळ सगळो काडून टाकलंय."

"मळ? खंयचो मळ?"

"वयर आयिल्लो तो. पिवळो."

भावजी, तुमचं ते तोंड! मी आजही हसते, आणि आज हसताना रडतेही. "अगे वयनी," तुम्ही म्हणालात, "तो मळ नाय गे! ताच तेल! खंय टाकलंस ता?"

मग कॉलेजचा मास्तर केळीच्या बुडाशी उकिडवा बसून माती हुंगतोय, हे दृश्य सगळ्या वाड्याने पाहिलं. दादा सोप्यावरून ओरडले, "रवांदे रे, आता केळीक लिंबा लागतली!"

दुसऱ्या दिवशी परत भारा कापला. तेव्हा कळलं, एवढ्या ढिगातून निघतं किती. जेमतेम कुलेरभर. "येवढाच?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "येवढ्याचसाठी ता गवत येवढा वासता." ते वाक्य मला फार आवडलं होतं, तेव्हा बोलले नाही.

तिथून मला नाद लागला. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, पण प्रश्न विचारायला शाळा लागत नाही, आणि तुम्हाला प्रश्न विचारलेले आवडायचे. गवताला लिंबाचा वास का, हा माझा पहिला. तुम्ही सांगितलंत, लिंबाच्या सालीत जे असतं तेच यात आहे, सिट्रल नावाचं. आणि ते एक नाही, जुळं आहे. दोघांत अणू तेच, तितकेच, फक्त एकाचा हात या बाजूला वळलेला, दुसऱ्याचा त्या बाजूला. स्वतःचे हात वाकडे करून दाखवलेत. मी म्हटलं, "म्हणजे तुमी आणि तुमचे दादा. रगत एक, तोंडां दोन दिशेक." तुम्ही म्हणालात, हे मी वर्गात सांगणार. सांगितलंत की नाही ते मात्र कधी कळलं नाही.

तुळशीला किंचित लवंगेचा वास येतो, हे मी जन्मभर हुंगत आले होते. का येतो ते तुमच्याकडून कळलं. दोन्हींत युजेनॉल. आणि दालचिनीचं झाड तर पक्कं लबाड. सालीत एक वास, पानात दुसरा. पान चुरगळलं तर तेही लवंगेकडे झुकतं. एकाच झाडाने दोन दुकानं का मांडावीत? "झाडाक इचार," तुम्ही म्हणालात. मग पान हुंगत म्हणालात, "मी पण त्याकाच इचारतंय."

आणि ओव्याचं फूल!

ही गोष्ट तुम्ही माझी किती वेळा काढलीत! मी नवी नवरी. सासूबाईंच्या पोटात दुखत होतं, वैद्यांनी सांगितलं, ओव्याचं फूल आणा. मी धावत परसात. पानओव्याची दाट जाळी होती, एकेक फांदी उलटून बघितली. फूल कुठे असायला! परत येऊन पदराने घाम पुसत सांगितलं, "ओवो अजून फुलूक नाय." वैद्यसुद्धा हसले. ते पांढरे खडे असतात, बाजारात पुडीत मिळतात, हे मला काय माहीत? त्यानंतर कित्येक वर्षं या घरात कुठलंही काम राहिलं की सगळे म्हणायचे, "ओवो अजून फुलूक नाय."

मग एका सुट्टीत तुम्ही बाजारातून पिशवीभर ओवा आणलात. आपण भाटी लावली. आता वरचा तवंग मी जिवापाड जपला. ते तेल तुम्ही छोट्या बाटलीत घातलंत, म्हापशाहून भुशात गुंडाळून आणलेल्या बर्फात ती बाटली पुरलीत आणि मला हाक मारलीत. "वयनी, हय येवन बस. बघ."

मी बसले. काहीच होईना. मी उठायला निघाले, तुम्ही पदर धरावा तसा हात आडवा केलात. आणि मग बाटलीच्या काचेला आतून एक सुई आली. पांढरी. तिच्या शेजारी दुसरी. बघता बघता आतल्या आत झाड फुटल्यासारखं झालं.

"घे," तुम्ही म्हणालात, "फुललो तुझो ओवो."

भावजी, मला त्या दिवशी काय वाटलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सगळं घर ज्यावर हसत आलं, ते तुम्ही माझ्यासमोर खरं करून दाखवलंत. मी नुसतं "बरा दिसता" म्हटलं आणि भात बघायला आत गेले. आत जाऊन चुलीपुढे उगाच उभी राहिले होते. एवढंच.

त्या फुलाचं तुमच्या पुस्तकातलं नाव थायमॉल. आणि तिथून आपलं ते मोठं भांडण सुरू झालं.

पण त्याआधी बशी. तुम्ही कॉलेजातून काचेची झाकणवाली बशी आणलीत, आत खळीसारखं काहीतरी गोठवलेलं. "ह्यात चायना गवत आसा," तुम्ही म्हणालात, "पोरांच्या गोडाक घालतत ताच." मला बोट टेकवायला सांगितलंत. मी टेकवलं. पुढल्या शनिवारी बशी परत आली तर माझ्या बोटाच्या ठशाच्या जागी पिवळट ठिपक्यांची शेती! मला इतका राग आला. "मी हात धुतल्लंय!" म्हणून मी ओरडले. तुम्ही म्हणालात, "धुतलंस म्हणान येवढेच. दादाचो हात लावून बघूया?" दादांनी हात मागे घेतला.

मग तशाच बशीत सगळीकडे बोटं फिरवायची, कागदाची टिकली तेलात बुडवून मधोमध ठेवायची, आठवड्याने बघायचं. टिकलीभोवती स्वच्छ गोल. आत एकही ठिपका नाही. जणू कुणी अंगण सारवलंय. ओव्याचा गोल मोठा, गवती चहाचा चांगला, तिरफळाने आपल्या बशीत फारसं काही केलं नाही, मला वाईट वाटलं होतं, बांगड्यात इतकं चांगलं काम करतं ते! जंतू मरतात कसे, विचारलं तर म्हणालात, त्यांच्या अंगावरची कातडी तेलकट असते. तेल तेलात शिरतं, कातडी सैल पडते, आतलं बाहेर गळतं. काहींनी वरून आणखी एक अंगरखा घातलेला असतो, ते चिवट. आणि एकदा तुम्ही टिकली खळीवर न ठेवता वर झाकणाला चिकटवलीत. तेल कुठे शिवलंच नाही. तरी खाली गोल पडला. "वासान मेले," तुम्ही म्हणालात. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. वास म्हणजे वस्तूच की मग! उडून नाकात येते ती वस्तूच!

आता भांडण. तुमचं म्हणणं, ओव्याच्या तेलात काम करतं ते थायमॉल. "बाकीचा सगळा वऱ्हाड," तुम्ही म्हणालात. "न्हवरो एकच."

मी म्हटलं, "वऱ्हाड नाय तर लगीन कसला? न्हवऱ्याक मांडवात हाडतलो कोण?"

झालं! फुलं गाळून काढली. एका बशीत नुसतं फूल, एकीत उरलेलं तेल, एकीत सगळं मिळून. गोल मोजायला तुम्ही दोरा घेतलात. मी सांगते, तुम्ही तो दोरा ताणत होता. "वयनी, मी मास्तर आसंय, मी कित्या ताणू?" "मास्तर म्हणानच ताणतास!" सगळं तेल आणि नुसतं फूल, दोन गोलांत दोऱ्याच्या जाडीइतका फरक. तो तुमच्या बाजूचा की माझ्या, यावर वाद घालता घालता सुमनने वाढून ठेवलेली ताटं थंड झाली. शेवटी तुम्हीच म्हणालात की गोलावर फार विसंबू नये, तेल पाण्यातून पळत नाही, खळीत त्याचे पाय अडकतात, गोल लहान म्हणजे औषध हलकं असं नव्हे आणि मोठा म्हणजे भारी असंही नव्हे. मी म्हटलं, मग इतके दिवस काय मोजत होतो? तुम्ही म्हणालात, "प्रश्न." आणि ताट ओढून घेतलंत.

नंतर किती वर्षांनी तुम्ही कुठेतरी वाचून आलात आणि दारातूनच सांगितलंत की वऱ्हाडातला एक पाहुणा, सायमीन, स्वतः काही मारत नाही, पण जंतूची कातडी फुगवतो आणि दुसऱ्याला आत जायला वाट करून देतो. "म्हणजे तुझा अर्धा खरा," म्हणालात. अर्धं! हरलो म्हणायला जीभ काही वळली नाही तुमची.

आता येते पायावर.

बुटाने पायाचं बोट सोललं म्हणून तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. साखर तुमची जुनी, पायाला दुखायचं ते कळतच नव्हतं. सुमनने धुवायला घेतलेल्या मोज्यावर डाग बघितला तेव्हा कळलं. डॉक्टर झाले, पट्ट्या झाल्या, सुया झाल्या. तुम्ही सोप्यावर पाय स्टुलावर ठेवून बसलेले. मी आतून ओव्याची बाटली घेऊन आले. बूच काढलं. तुमच्यासमोर धरली.

"भावजी, एक थेंब घालून बघूया?"

तुम्ही बाटली हातात घेतलीत, हुंगलीत. बराच वेळ हुंगलीत. मग बूच लावलंत.

"वयनी, बशीत रगत नसता."

तुम्ही समजावलंत, वर्गात समजावतात तसं नाही, हळू. बशीत जंतू एकटा असतो. माझ्या पायात जंतू आहे आणि मीही आहे. त्याची कातडी तेलकट म्हणून तेल त्याला फाडतं; माझ्या मांसाचा एकेक कण आहे ना, त्याचीही कातडी तेलकटच. तेल माणूस ओळखत नाही. आणि जंतू खोल गेलाय, वरचा थेंब तिथे पोचणार नाही, वरचं उरलंसुरलं मात्र भाजून जाईल. "डॉक्टरांक त्यांचा करूंदे," तुम्ही म्हणालात. "हेचो हट्ट करू नको."

मी हट्ट केला नाही. बाटली आत नेऊन ठेवली. मग पायाचं ते बोट कापलं, मग इस्पितळ, मग विष रक्तात गेलं असं सांगितलं, आणि मग तुम्ही गेलात.

एक विचारू? तुम्ही बाटली इतका वेळ का हुंगलीत? नाही म्हणायचं पक्कं होतं तर लगेच का नाही बूच लावलंत? तुमच्याही मनात एकदा आलं का, की घालून बघावं? आयुष्यभर ज्या तेलाचे गोल मोजले, त्यालाच स्वतःच्या पायावर येऊ द्यायचं नाही, हे तुम्हाला किती जड गेलं असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला तेव्हा नुसतं अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, तुमचा एवढा मोठा वर्ग मी कधी पाहिला नव्हता.

तर सुमनला हे सगळं सांगायचं कसं? मी रोज ठरवायचे आणि रोज राहायचं. शब्दांनी ती ऐकली नसती. तिला वाटलं असतं, मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्यं घालतेय.

काल ती मागल्या दारी नारळ सोलत होती. मी तीच बाटली घेऊन गेले आणि तिच्यासमोर बसले. कोपराच्या आतल्या अंगाला, जिथे कातडी पातळ असते, तिथे ओव्याच्या तेलाचा एक थेंब टाकला आणि हात तिच्यापुढे धरला.

"ह्या काय?" ती म्हणाली. दहाव्यानंतरचा तिचा पहिला शब्द.

"बघ."

आधी काही नाही. मग गार, मग मुंग्या, मग जाळ. लाल वर्तुळ उठलं. तुमच्या बशीतल्यासारखंच गोल, पण हे माझ्या अंगावर. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते जळण्याने की कशाने, मला नका विचारू.

"जळता?" तिने विचारलं.

"जळता. आणि हय कातडी धड आसा, सुमन. फुटल्ली नाय."

ती त्या लाल गोलावर वाकली. कोयता खाली ठेवला. "त्यांनी नको म्हटल्यानी?"

"होय. मी हाडल्लंय बाटली. त्यांनीच बूच लायला."

"माका नाय सांगल्यानी ता."

"ते तुका सांगूक गेले आसते तर तू तेल घालूक लायलं आसतंस. आणि तुका ते नाय म्हणूक शकले नसते."

हे मी आधी ठरवून बोलले नव्हते. बोलल्यावर मलाच वाटलं, खरं असावं. सुमन पदर तोंडाला लावून रडली, मोठ्याने. बाराव्यालाही अशी रडली नव्हती. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर तिने माझाच हात धरला, आत ओढत नेला, खोबरेलाची बाटली काढली आणि त्या लाल गोलावर चोळायला लागली. चोळता चोळता थांबली.

"बरा वाटता?"

"वाटता थोडा."

"मगे वयनी," ती म्हणाली, "ह्या खोबरेलात ता ओव्याचा आधीच मिसळून ठेवला तर? किती मिसळल्यार जळायचा बंद होता? आणि तितक्यान जंतू मरतले काय नाय?"

भावजी, ऐकलंत? तुम्हाला याचं उत्तर ठाऊक असेलही. पण मला हा प्रश्न इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. आणि तो विचारला कुणी, तर तुमच्या सुमनने.

मी म्हटलं, "जखमेर नाय हां. बशीत आणि आपल्या हातार."

"होय गे, येवढा समाजता माका," ती म्हणाली, आणि रडून लाल झालेलं नाक पुसत चायना गवताची पुडी कुठल्या डब्यात आहे ते शोधायला लागली.